विटकरी सायकल

४ मार्च, दुकान उघडण्याआधी

जावईबापूंना नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच फाडाल, म्हणून पत्ता समोरच्या बेकरीवाल्याकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर पुरतं वाचा, मग खुशाल फाडा.

फोन का केला नाही, असं मनात येईल. फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि माझं पुढचं सगळं पळून जातं. शिवाय या घराच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. पुढे सायकलच्या दुकानात पंक्चरची ट्यूब फुसफुसली तरी मागच्या खोलीत भिंगरीला ऐकू जातं. तुम्ही तिला नावाने हाक मारायचात, माझ्या तोंडी अजून भिंगरीच बसलंय. तिने मला बजावलंय, "बाबा, त्यांना एक अक्षर कळवायचं नाही." म्हणून मी एक न कळवता पुष्कळ कळवतो आहे.

पहिली गोष्ट. तुमच्या कंपनीच्या त्या जेवणाच्या दिवशी ती प्यायलेली नव्हती. चालताना झोकांड्या गेल्या, जीभ जड झाली, मोठ्या साहेबांच्या अंगावर पेला सांडला, हे सगळं खरं. पण पेल्यात सरबतच होतं. तिला आजार आहे. तो तेव्हाही होता, पण तिला ठाऊक नव्हतं, तुम्हाला नव्हतं आणि मला तर मुळीच नव्हतं. नाव लांबलचक आहे. औषधाच्या दुकानातल्या मुलीकडून कागदावर उतरवून आणलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, पुष्कळ जागी घट्ट वण पडणं, असा अर्थ होतो." वण कुठे, तर मेंदूत आणि पाठीच्या कण्यात.

माझी शाळा चौथीत सुटली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्यातलं जेवढं डोक्यात राहिलं तेवढं लिहितो. आपल्या अंगात रोगांशी लढायला पहारेकरी असतात. तिचे पहारेकरी बिथरलेत. चोर सोडून घरच्यांनाच धरतात. मेंदूचा निरोप हातापायांना पोचवणाऱ्या ज्या नसा, त्यांच्यावर एक आवरण असतं. ते हे लोक कुरतडतात. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

जरा थांबतो. स्टोव्ह बंद केला की नाही बघून येतो.

केला होता.

तर, ज्या नसेचं आवरण गेलं तिथला निरोप अडखळतो. कप हातातून सुटतो. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं होतं. दमणूक तर विचारू नका. तुम्ही म्हणायचात, "दिवसभर असं काय केलंस?" इथे आली तेव्हा मीही तेच म्हणालो. एक गोष्ट सासऱ्याने जावयाला लिहू नये अशी आहे, पण लिहितो. तिने डॉक्टरीणबाईंना माझ्यादेखत सांगितलं की महिनोन्‌महिने पायाला पांघरूण लागलं तरी आग व्हायची, कोणाचा हात लागला तर ओरडावंसं वाटायचं. मी खिडकीबाहेर बघत होतो. तुम्ही घर सोडताना मला म्हणाला होतात, "तिला मी जवळ आलेला चालत नाही." त्याचं उत्तर एवढंच होतं. पुढे लिहीत नाही.

परवा ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, हनुवटीला खोक पडली. विशेष नाही. फरशी ओली होती.

तुम्ही या. तुम्ही बांधताय त्या पुलाचं काम काय, तुमच्यावाचून एक दिवस अडणार नाही. इथे अडलंय.

ता. क. उत्तर बेकरीच्या पत्त्यावर पाठवा.

२१ मार्च

जावईबापू,

तुमचं कार्ड बेकरीवाल्याने पावाच्या पिशवीत लपवून आणलं. एवढ्या थोरल्या कार्डावर एकच ओळ. "ती बरी होणार का?" बेकरीवाला म्हणाला, "जावई शब्दांना सिमेंटइतकाच जपून हात लावतो वाटतं." त्याने कार्ड वाचलं म्हणून मी रागावलो. पण कार्डच ते, झाकणार काय.

उत्तर, हो. बरी होणार.

तिला इस्पितळात एका मोठ्या पिंपासारख्या यंत्रात निजवून डोक्याचे फोटो काढले. त्यात पांढरे ठिपके दिसतात. मी विचारलं, "हे धुऊन निघत नाहीत?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडतात. मग सुईवाटे औषध सोडलं. त्याने आतली सूज उतरते आणि निरोप पुन्हा जायला लागतो.

मला हे कसं कळलं सांगतो. सायकलच्या ब्रेकची तार असते ना, ती एका नळीतून जाते. नळी धड असेल तर मूठ दाबली की चाक धरतं. नळी मध्येच फाटली की आतली तार शाबूत असूनही ओढ वाया जाते. मूठ दाबावी आज आणि चाक थांबावं उद्या. हे बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नसांत वीज धावते, ओढ नसते, पण काम भागतंय तुमचं. फक्त एक. फाटकं फार दिवस राहिलं तर आतली तारही झिजते, तेव्हा औषध टाळू नका." मी म्हटलं, "आणि नवी नळी घालता येत नाही?" त्या म्हणाल्या, "थोडं शरीर स्वतःच ठिगळ लावतं. सगळं नाही." त्यांनी थोडं म्हटलं, मी ते पुरेसं धरलं.

आता न्हाणीघराचं. फरशी ओली होती असं लिहिलं, ती होतीच. पण पाणी मीच ओतत होतो. आमच्या दुकानात गंजलेला नट फिरेना तर आम्ही तो तापवतो, मग सुटतो. मला वाटलं, पाय आखडलेत, ऊन पाण्याने मोकळे होतील. रोज सकाळी तिला स्टुलावर बसवून कंबरेपासून खाली कढत पाणी. ती म्हणायची, "बाबा, याने पाय आणखीच जातात." मी म्हणायचो, "आधी जातात, मग येतात. धीर धर." त्या दिवशी उठायला गेली तर पाय खालून निघूनच गेले. डोळ्यांपुढेही धुकं आलं.

बाईंनी विचारलं, "आजोबा, पाणी किती गरम होतं?"

"सोसेल इतकं."

"कोणाला?"

तिच्या पायांना धड कळतच नव्हतं, मग सोसतं की नाही हे सांगणार कोण? बाई म्हणाल्या, आवरण गेलेल्या नसेत उष्णतेने निरोप आणखी मंदावतो, अंग निवलं की पूर्ववत होतो. त्याने नवा वण पडत नाही. हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. शेवटी त्यांनी पुढचा रोगी आत बोलावला. रस्त्यात भिंगरी म्हणाली, "जखम मांडीला आणि मलम शेंडीला, बाबा. तेही उकळून." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी ते मुकाट ऐकून घेतलं.

आता थंड पाण्याचा पंचा मानेवर ठेवतो. तिला बरं वाटतं.

या.

१५ एप्रिल

जावईबापू,

बातमी अशी की भिंगरी चालते. काठी नाही, भिंत नाही. काल बेकरीपर्यंत जाऊन पाव घेऊन आली आणि सुटे पैसे विसरून आली, म्हणजे अगदी पहिल्यासारखी. बेकरीवाल्याने दुकानातून टाळ्या वाजवल्या. मी त्याला म्हटलं, "नजर लावू नकोस."

तिचं रंगाच्या दुकानातलं कामही पुन्हा सुरू झालं. तुम्हाला तिचं काम कधी नीट बघायला मिळालं का? गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणतं, कपड्याची चिंधी आणतं, म्हणतं हाच रंग द्या. तिथे यंत्र आहे. यंत्र रंग काढून देतं, मग ती तो बोटाच्या नखावर घेते, उजेडात धरते आणि म्हणते, "थेंबभर काळा." मालक म्हणतो, यंत्र बिघडलं तर चालेल, ही बिघडलेली चालणार नाही. मला ते बोलणं आवडलं नाही, पण तो चांगल्या मनाने बोलला.

पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःसाठी एक डबा लाल बनवून आणला. असा लाल मी पाहिला नव्हता. तिची जुनी सायकल दुकानात वर टांगलेली आहे, ती रंगवायचं म्हणते.

तेव्हा ती खडखडीत बरी झाली आहे, हे मी तुम्हाला वडीलकीने कळवतो. डॉक्टरीणबाई आणखी काहीबाही म्हणाल्या. डॉक्टरांचं काय, साध्या शिंकेलाही ते "पुन्हा येऊन दाखवा" म्हणतात. मी मनावर घेत नाही. रोजचं औषध चालू आहे.

तुम्हाला आता यायला हरकत कसली? माणूस आजारी असताना आला नाही, तो बरं झाल्यावर आला तर मी त्याला बोल लावणार नाही. लावीन, पण मनात.

२ मे

जावईबापू,

तुम्ही या वेळी मला आणि तिला वेगवेगळी पत्रं लिहिलीत. तिचं मी वाचलं नाही. बेकरीवाल्यानेही नाही, पाकीट होतं.

मला लिहिलंत ते वाचून मी दुकान बंद करून बसलो. महिनाअखेर येता, पुलाजवळ दोन खोल्यांचं पत्र्याचं घर मिळालंय, तिला घेऊन जाता. वाचून आनंद व्हायला हवा, आणि झाला. लगेच काळजीही लागली. माझं असंच आहे, गाडी वेळेवर आली तरी मला वाटतं चुकीची आली.

तिला सगळं कळलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार."

"बाप आहे तुझा."

"म्हणूनच. परका असता तर विचारून लिहिलं असतं."

दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी विचारलं, "त्यांनी मिशी ठेवलीय का हो अजून?" मी म्हटलं, पत्रात मिशीचा उल्लेख नाही. मग आरशापुढे उभी राहून हनुवटीचा वण बघत होती.

तुम्ही येण्याआधी तिला दाखवावी म्हणून मी सायकल खाली उतरवली, घासली, नवी साखळी घातली, ब्रेकच्या नळ्या तर आधी बदलल्या. तिने ठेवलेला तोच लाल लावला. ती कामावरून आली, दारातच थांबली. म्हणाली, "बाबा, हा विटकरी कुठून आणलात? माझा लाल काय झाला?"

तिला तो रंग तितकासा आवडला नाही. असो. वाळला की उजळतो, असं मी म्हटलं.

एक सहज विचारतो. तुमच्या तिथे पत्र्याखाली उन्हाळ्यात फार तापतं का? दुपारची वीज जाते का? डोळ्यांचा डॉक्टर जवळपास असेलच. सहज विचारलं.

११ मे

जावईबापू,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता चौथं तुम्ही फाडलंत तरी चालेल.

डबा तोच होता. लालही तोच. मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तुम्हाला लिहिताना मी "असो" लिहिलं. त्या एका "असो" ने माझी झोप गेली आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई दाराच्या रंगासाठी आली, भिंगरीने तिला लाल म्हणून भलतंच काही काढून दिलं. मालकाने विचारलं. घरी आली, सायकलपुढे बसली, एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा झाकला. असं आलटून पालटून किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी हातात पाना घेऊन उगाच उभा होतो.

"बाबा, डावा म्हणतो लाल. उजवा म्हणतो वीट. उजवा फिरवला की आतून दुखतंय."

मी म्हटलं, "धूळ गेली असेल."

"बाबा."

एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. या वेळी पहारेकऱ्यांनी डोळ्यामागची नस धरली आहे. या दुखण्यात लाल रंग आधी फिका पडतो म्हणे. पुन्हा सुई, पुन्हा औषध. नजर बरीचशी परत येईल असं वाटतं, पण रंगाचं त्या छातीठोक सांगत नाहीत. तिचं सगळं काम रंगाचं.

घरी येताना रिकाम्या बाकावर बसलो. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना काय लिहिलंत? मी बरी झाले असं?"

"झाली होतीसच ना."

"मला खरं सांगा. खडखडीत असा शब्द लिहिला असेल तुम्ही."

बाप कोणता शब्द लिहील, हेही लेकीला कळतं.

मी म्हटलं, "येऊ तर देत त्यांना. एकदा घरात पाऊल ठेवलं की सावकाश सांगू. माणूस आला की माया येते."

तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. "म्हणजे मोडकी सायकल रंग लावून खपवायची. बाबा, दुकानात कधी केलंत हो असं?"

नाही केलं. आयुष्यात नाही. गिऱ्हाइकाला चीर दाखवून मगच विकली.

"मग तुम्हीच लिहा. नाही लिहिलंत तर ते येतील त्या दिवशी मी आतून कडी लावीन. आणि तुम्हाला ठाऊक आहे, मी लावीन."

ठाऊक आहे. आईवर गेली आहे.

तेव्हा चीर दाखवतो. तुम्ही कार्डावर विचारलं होतंत, ती बरी होणार का. मी हो लिहिलं. खरं उत्तर, कोणालाच माहीत नाही. हा आजार येतो, काही दिवस राहतो, जातो, आणि गेला असं म्हणेपर्यंत दुसरीकडून येतो. पाय सोडला, डोळा धरला. बाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. औषधाने हल्ले कमी होतात, मुळातून जात नाही. काही माणसं वर्षानुवर्षं चालती-फिरती राहतात. काहींना काठी लागते, काहींना चाकाची खुर्ची. ती कोणत्या रांगेत आहे, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कळलं असतं तर मी सांगितलं असतं." पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात तिचे हातपाय आणि डोळे रोज दुपारी दगा देतील, हेही लिहून ठेवतो.

मी असं का लिहिलं? भ्यालो म्हणून. माझ्या हाताला आता कंप आहे, स्पोकला चावी धरताना दोन हात लागतात. मी गेल्यावर तिला बेकरीपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न मला सकाळी दात घासतानाही पडतो. वाटलं, तुम्हाला एकदा आणून उभं करावं, पुढचं पुढे.

ती म्हणते, "दया म्हणून यायचं असेल तर येऊ नका, असं लिहा." ते तिचं म्हणणं आहे म्हणून कळवलं. माझं म्हणणं तसं नाही. मी म्हणतो, दया तर दया, मागच्या दाराने आलेला माणूसही घरातच येतो. पण माझं म्हणणं आता बाजूला ठेवा. त्यावर विसंबून तुम्ही एकदा फसलात.

निर्णय तुमचा. नाही आलात तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. मनातही नाही, असा प्रयत्न करीन.

ता. क. हे तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "माया आणि मिशी दोन्ही काढून टाका." माया काढली नाही, मिशी या पत्रात नाहीच.

३० मे, सकाळ. बेकरीवाल्याच्या हाती

जावईबापू,

तुमचं कार्ड पोचलं. "पत्र्याचं घर सोडलं. येतो." बेकरीवाला म्हणाला, या वेळी जावयाने सिमेंट सढळ हाताने वापरलं.

तिला कार्ड दिलं तेव्हा तिने ते आधी डाव्या डोळ्याने वाचलं, मग उजव्याने. "दोन्हीकडून तेच लिहिलंय," म्हणाली. बाकी काही नाही. केस मात्र आज धुतले आहेत.

तुम्ही पोचाल तेव्हा मी दुकानात नसेन. भांडून गेलेलो नाही. मी घरात असलो की मध्ये बोलतो, हे तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. संध्याकाळपर्यंत बागेत बसेन. टोपी आणि पाण्याची बाटली घेतली आहे. काळजी करू नका, ती मी करतोच आहे.

दुकानाचं शटर अर्धं वर ठेवलंय, वाकून या. मागच्या खोलीत ती असेल, पंखा चालू, पडदा ओढलेला. अंधार आहे म्हणून दिवा लावू नका, खोली तापते. तिच्या डाव्या बाजूने जा, उजवीकडून गेलात तर तुम्ही तिला उशिरा दिसाल आणि ती दचकेल. ती उठताना लगेच हात पुढे करू नका. लागला तर ती मागते. पायाला हात लावण्याआधी सांगून लावा. बोलताना मध्येच दमली तर समजा दमली, कंटाळली असं नाही. कप तिला पूर्ण भरून देऊ नका. चहा निवू द्या.

स्टोव्ह मी बंद केलाय. तरी एकदा बघा.

सायकल दारातच उभी आहे, तुम्हाला आधी तीच दिसेल. रंग लालच आहे, मी शपथेवर सांगतो. तिला अजून उजव्या डोळ्याने विटकरी दिसतो. ती तुम्हाला नक्की विचारेल, कोणता रंग आहे. तिला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका. तुम्हाला जो दिसेल तोच सांगा.